बंदरात हुकूम कुणाचा?

वाचकहो, जत्रेच्या दिवशी गावाबाहेर गाड्यांचा तळ पडतो तो आपण सर्वांनीच पाहिला आहे. पंचक्रोशीतून बैलगाड्या येतात, हल्ली त्यांच्या जोडीला ट्रॅक्टर आणि टेंपोही येतात. प्रत्येकाला वाटतं, आपली गाडी देवळाच्या अगदी जवळ लागावी. कुणी वाटेतच गाडी सोडतो, कुणी दुसऱ्याच्या बैलांपुढे आपले बैल बांधतो, तर कुणी गवताच्या गंजीशेजारी चूल पेटवतो. अशा वेळी कुणीतरी एक माणूस पुढे होऊन सांगावा लागतो, "ही गाडी इकडे घ्या, ती तिकडे लावा, ती चूल आधी विझवा." त्या माणसाचं म्हणणं लोकांनी ऐकलं, तर जत्रा सुखरूप पार पडते. ऐकलं नाही, तर काय होतं ते सांगायला नको.

बंदर म्हणजे अशीच एक बारमाही जत्रा. फरक इतकाच की, तिथली गाडी हजारो टनांची असते. तिचा गाडीवान परमुलखातला असतो आणि तिच्या पोटात कापूस आहे की धान्य आहे, तेल आहे की सुरुंगाची दारू आहे, हे धक्क्यावरच्या माणसाला नुसतं पाहून कळत नाही. मग या जहाजाला 'इथे थांब, तिथे जाऊ नकोस, आत्ताच्या आत्ता बाहेर नीघ' असं सांगण्याचा अधिकार कुणाचा? तो त्याला कुणी दिला? आणि जहाजाच्या कप्तानाने तो मानला नाही तर पुढे काय? या प्रश्नांचा इतिहास आज आपण थोडक्यात पाहणार आहोत. विषय कायद्याचा आहे म्हणून कंटाळू नका. या कायद्याच्या पाठीमागे माणसांच्या जिवाची गोष्ट आहे, आणि ती आपल्याच मुंबईत घडलेली आहे.

आधी थोडं मागे जाऊ. समुद्र कुणाच्या मालकीचा नाही, असं आपण सहज म्हणतो. पण समुद्रावर हुकमत गाजवण्याची धडपड फार जुनी आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले आणि त्यांनी 'कार्ताझ' नावाचा परवाना सुरू केला. हा परवाना जवळ नसलेलं जहाज दिसलं की ते पकडायचं, असा त्यांचा खाक्या होता. पुढे मराठ्यांचं आरमार उभं राहिलं. कान्होजी आंग्र्यांनी आपले दस्तक चालू केले, आणि कोकणच्या किनाऱ्याने जाणाऱ्या व्यापाऱ्यांना ते घेणं भाग पडू लागलं. इंग्रजांना ही गोष्ट फार झोंबली. ते आंग्र्यांना चाचे म्हणत. पण स्वतःच्या परवान्याला मात्र ते कायदा म्हणत! रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर एक वेगळं प्रकरणच आहे. ज्या सावकारांनी कौल घेतला आहे त्यांच्या तारवांना उपद्रव होऊ नये, अशी त्यात ताकीद आहे. म्हणजे बघा, नियमन आणि संरक्षण या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे आपल्या मुत्सद्द्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. परवाना घ्यायला लावायचा, तर परवाना घेतलेल्याला अभयही द्यायला हवं.

परंतु हे सारे अधिकार तोफेच्या बळावर चालत. ज्याचं आरमार मोठं, त्याचा परवाना खरा. कागदावर लिहिलेला, सर्वांना सारखा लागू असणारा बंदराचा कायदा आपल्याकडे आला तो एकोणिसाव्या शतकात. इ. स. १८५५ साली हिंदुस्थानातील बंदरांच्या व बंदरपट्टीच्या नियमनासाठी एक कायदा झाला. त्यानंतर १८७५ आणि १८८९ साली त्यात नवी भर पडली, आणि अखेर १९०८ साली 'भारतीय बंदर अधिनियम' या नावाने एक एकत्रित कायदा तयार झाला.

मधल्या काळात मुंबईत मोठी उलथापालथ झाली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि युद्ध थांबताच, १८६५ साली, तो कोसळला. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला आणि विलायतेची वाट निम्म्याहून थोडी अधिक एवढीच राहिली. आगबोटींची गर्दी वाढली. पण किनाऱ्यावरची मोक्याची जागा आणि मालाची चढउतार एका खासगी कंपनीच्या हाती होती. सगळ्या इलाख्याचा व्यापार ज्या दारातून चालतो, त्या दाराची किल्ली एका व्यापारी कंपनीच्या कनवटीला असावी हे बरं नव्हे, असा विचार पुढे आला. सरकारने ती जागा विकत घेतली आणि १८७३ साली मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. मग १८८० साली प्रिन्सेस गोदी आणि १८८८ साली व्हिक्टोरिया गोदी सुरू झाली. ही व्हिक्टोरिया गोदी लक्षात ठेवा. आपल्याला पुन्हा तिच्याकडे यायचं आहे.

आता १९०८ च्या कायद्याने बंदराच्या अधिकाऱ्याला काय काय अधिकार दिले होते, ते पाहू. या कायद्यात 'बंदर संरक्षक' नावाचा एक अधिकारी सांगितला आहे. प्रत्यक्ष पाण्यावर जहाजांची व्यवस्था पाहणारा हार्बर मास्टर त्याच्या हाताखाली काम करतो.

पहिला अधिकार जागेचा. कोणतं जहाज कुठे नांगर टाकील, कुठल्या धक्क्याला लागेल, केव्हा हलेल आणि कुठे जाईल हे बंदर संरक्षकाने सांगायचं. कप्तानाने जाणूनबुजून हुकूम मोडला, तर त्याला दंड. दंडाची रक्कम दर दिवसाला शंभर रुपयांपर्यंत होती. १९०८ साली शंभर रुपये म्हणजे लहान रक्कम नव्हती. पण खरी मेख दंडात नव्हती. कप्तान ऐकत नसेल, तर बंदर संरक्षक ते काम स्वतः करवून घेऊ शकत होता आणि त्याचा खर्च जहाजाकडून वसूल करू शकत होता. 'तू हलवीत नाहीस? ठीक आहे, आम्ही हलवतो. बिल तुझ्या नावावर.' असा हा रोखठोक व्यवहार. अगदीच आणीबाणीची वेळ आली, तर जहाजाचे दोर तोडून टाकण्याचीही त्याला मुभा होती.

दुसरा अधिकार वाटाड्याचा. ज्या बंदरांना कायद्याचं ते कलम लावलेलं असे, तिथे दोनशे टन आणि त्याहून मोठ्या जहाजाने पायलट किंवा हार्बर मास्टर बरोबर घेतल्याशिवाय आत यायचं नाही, बाहेर जायचं नाही आणि जागचं हलायचंही नाही. सात समुद्र ओलांडून आलेल्या कप्तानाला हे कमीपणाचं वाटेल. पण कुठे खडक आहे, कुठे गाळ साचला आहे, भरतीला पाणी किती चढतं, हे स्थानिक माणसालाच ठाऊक. आपल्याकडचा एखादा तांडेल डोळे मिटून खाडीत शिरतो. तिथे परका कप्तान नकाशा हातात असूनही वाळूत रुततो. कप्तान समुद्रावर राजा असतो. बंदरात तो पाहुणा असतो.

तिसरा अधिकार आगीचा. बंदरात आग लागली, तर बंदर संरक्षक कोणत्याही जहाजाच्या कप्तानाकडे खलाशी मागू शकत होता. किती? जास्तीत जास्त तीन चतुर्थांश. म्हणजे तुमच्या जहाजावर चाळीस खलाशी असतील, तर त्यांतले तीस शेजारची आग विझवायला नेता येत. उरलेले दहा कशासाठी? तुमचं स्वतःचं जहाज सांभाळण्यासाठी. गुरुजी, वर्गात अपूर्णांक शिकवताना हे उदाहरण जरूर सांगा. एका अपूर्णांकात कायदा करणाऱ्याने शेजारधर्म आणि स्वसंरक्षण या दोहोंची वाटणी केली आहे.

चौथा अधिकार बुडालेल्या जहाजाचा. जहाज वाटेत बुडून रस्ता अडला, तर ते उचलण्याचा, बाजूला काढण्याचा, वेळ पडल्यास सुरुंग लावून फोडून टाकण्याचाही अधिकार बंदराला होता. आणि अवशेष विकून खर्च भागवता येत असे. पाचवा अधिकार पैशाचा. बंदरपट्टी भरली नाही, तर जहाज आणि त्यावरचं सामान अटकावून ठेवता येई आणि पाच दिवसांत पैसे आले नाहीत, तर ते विकताही येई. शिवाय देणं चुकतं केल्याशिवाय बंदर सोडण्याचा दाखला मिळत नसे.

सहावा अधिकार आरोग्याचा. १८९६ साली मुंबईत गोदीजवळच्या मांडवी भागात प्लेग उघडकीला आला. लगेच १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा झाला. बंदरात येणाऱ्या आणि बंदरातून निघणाऱ्या जहाजांची तपासणी करण्याचा अधिकार त्यात घातलेला होता. रोग जहाजाने येतो आणि जहाजाने जातो, हे तोवर साऱ्या जगाला कळून चुकलं होतं.

इतके सगळे अधिकार! मग तुम्ही म्हणाल, आता काळजी कसली? एवढा बंदोबस्त असताना बंदरात अनर्थ कसा होईल? वाचकहो, इथेच आपली खरी गोष्ट सुरू होते.

दुसरं महायुद्ध चालू होतं. १९४४ सालच्या फेब्रुवारी महिन्यात 'फोर्ट स्टिकिन' नावाचं मालवाहू जहाज इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं. ते सुमारे सात हजार टनांचं होतं आणि त्यात जवळजवळ चौदाशे टन दारूगोळा व स्फोटकं होती. त्याखेरीज लढाऊ विमानं होती आणि सोन्याच्या विटांच्या पेट्या होत्या. वाटेत कराचीला थोडा माल उतरला आणि रिकाम्या झालेल्या जागेत नवा माल भरला. तो होता कापूस! हजारो गाठी कापूस, आणि त्याच्या सोबतीला तेलाची पिंपं, लाकूड, गंधक, राळ असल्या वस्तू. कापूस आणि दारू शेजारी ठेवू नये, हे आपल्या घरातल्या म्हातारीलाही कळतं. पण युद्धाच्या घाईत जहाजं कमी आणि माल फार, अशी स्थिती होती.

१२ एप्रिलला हे जहाज मुंबईला पोचलं आणि व्हिक्टोरिया गोदीत एक नंबरच्या धक्क्याला लागलं. आता इथे थांबा आणि विचार करा. स्फोटकं घेऊन आलेलं जहाज एरवी भर गोदीत आणत नसत. ते दूर पाण्यात नांगरून ठेवीत आणि त्यातला माल लहान पडावांतून उतरवून घेत. अशा जहाजाने लाल बावटा लावावा, म्हणजे आजूबाजूच्यांना धोका कळेल, असाही दंडक होता. परंतु युद्धामुळे हे दोन्ही नियम ढिले झाले होते. बाहेर माल उतरवण्यात वेळ जातो म्हणून जहाज आत आलं. आणि शत्रूला सुगावा लागू नये म्हणून लाल बावटा लागला नाही. ज्यांनी नियम ढिले केले त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. घाई होती, इतकंच. पण आगीला आपली घाई कळत नाही.

१४ एप्रिलचा दिवस. दुपारच्या जेवणाची सुटी झाली आणि दीड-दोनच्या सुमारास कामावर परत आलेल्या गोदी कामगारांना दोन नंबरच्या खणातून धूर येताना दिसला. त्याच खणात कापसाच्या गाठी होत्या आणि त्याच खणात स्फोटकं होती. त्याआधीही शेजारच्या जहाजांवरच्या काही लोकांनी धुराची रेघ पाहिली होती, पण ती कुणी मनावर घेतली नव्हती. बंब आले, पण नेहमीची साधी वर्दी गेल्यामुळे आधी थोडेच आले. नळ्या सुटल्या, पाणी मारायला सुरुवात झाली. सारं मिळून नऊशे टनांहून अधिक पाणी त्या जहाजात ओतलं गेलं. पण गाठींच्या आत धुमसणारी आग पाण्याला दाद देईना.

हळूहळू तिथे जबाबदार माणसं गोळा झाली. जहाजाचा कप्तान होता, अग्निशामक दलाचे प्रमुख होते, लष्कराच्या दारूगोळा खात्याचा अधिकारी होता, गोदीचे वरिष्ठ अधिकारी होते. दारूगोळा खात्याच्या अधिकाऱ्याने मालाची यादी पाहिली आणि स्पष्ट सांगितलं की, हे जहाज उडालं तर सारी गोदी उडेल. जहाज बुडवून टाका. दुसऱ्याचं म्हणणं पडलं, जहाज गोदीतून बाहेर समुद्रात न्यावं. तिसऱ्याला वाटत होतं, पाणी मारत राहिलो तर आग आटोक्यात येईल. जहाजाच्या इंजिनाची दुरुस्ती चालू होती, त्यामुळे ते आपल्या बळावर हलू शकत नव्हतं. ते ओढूनच न्यायला हवं होतं. धक्क्यापाशी पाणी फार खोल नव्हतं, तेव्हा तिथे बुडवूनही ते पुरतं बुडेल की नाही, याची शंका होती. प्रत्येक सल्ल्याला आधार होता आणि प्रत्येक सल्ल्याला अडचणही होती. कप्तानाने कुणाचं ऐकावं? आणि 'मी सांगतो, हेच करा, जबाबदारी माझी' असं कुणी म्हणावं?

दोन तास गेले. वाचकहो, दोन तास म्हणजे थोडा वेळ नव्हे. तेवढ्यात गोदीतली माणसं बाहेर काढता आली असती. तेवढ्यात आसपासच्या जहाजांना इशारा देता आला असता. लाल बावटा नसल्यामुळे शेजारच्या जहाजांवरच्या पुष्कळ लोकांना, आपण कशाच्या शेजारी उभे आहोत, याची कल्पनाच नव्हती. आग पाहायला लोक कठड्यापाशी जमले होते. चारला दहा मिनिटं कमी असताना जहाज सोडण्याचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून भयंकर स्फोट झाला.

त्याचं वर्णन काय करावं! कैक मैलांवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. दूर सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर त्या धक्क्याची नोंद झाली. शेजारी उभं असलेलं 'जलपद्म' नावाचं जहाज उचललं जाऊन त्याचा मागचा भाग गोदीच्या शेडवर जाऊन पडला. पेटलेल्या कापसाचे बोळे शहरावर बरसले आणि गोदीमागच्या वस्त्या पेटल्या. सुमारे मैलभरावरच्या एका पारशी गृहस्थाच्या घरात छपरातून सोन्याची वीट येऊन पडली आणि त्या गृहस्थाने ती प्रामाणिकपणे सरकारला परत केली. गोदीत साठवलेलं हजारो टन धान्य जळून गेलं. बंगालच्या दुष्काळाला अजून वर्षही लोटलं नव्हतं, हे ध्यानात घ्या. मृतांचा आकडा निरनिराळ्या हिशेबांत आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितला जातो. त्यांत हमाल होते, खलाशी होते, रस्त्याने जाणारे येणारे होते. हातात पाण्याची नळी घेऊन उभे असलेले अग्निशामक दलाचे सहासष्ट जवान त्या दिवशी गेले. कप्तानही गेला. त्या जवानांच्या स्मरणार्थ दर वर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. तुमच्या शाळेतही तो पाळत असतील. तो कशासाठी पाळतात, हे मुलांना आता सांगता येईल.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लेनर्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. आग कशी लागली असेल? कुणीतरी टाकलेल्या विडी-सिगारेटने, असा संभव धरला गेला. पण एका थोटकाने गोदी उडत नाही. थोटकाच्या पाठीमागे कारणांची साखळी होती. कापूस आणि स्फोटकं एका खणात ठेवणं, युद्धाच्या निकडीमुळे असलं जहाज भर गोदीत आणणं, आणि आग लागल्यावर प्रसंगाचं गांभीर्य ओळखून तातडीने कडक पाऊल न उचलणं, अशी ती साखळी होती. यांतली एकच कडी तुटली असती, तरी शेकडो माणसं संध्याकाळी घरी गेली असती.

आता मघाची अधिकारांची यादी आठवा. जहाज हलवण्याचा अधिकार कायद्यात होता. दोर तोडण्याचा अधिकार होता. शेजारच्या जहाजांवरून माणसं मागवण्याचा अधिकार होता. कायदा छत्तीस वर्षांचा जुना, चांगला मुरलेला होता. पण अधिकार कागदावर असणं वेगळं आणि तो योग्य घटकेला वापरणं वेगळं. घरात कुऱ्हाड आहे म्हणून दारातलं वाळकं झाड आपोआप तुटत नाही. शिवाय तिथे अधिकारी कमी होते असंही नाही. उलट ते पुष्कळ होते. जिथे हुकूम देणारे पाच असतात आणि त्यांतला शेवटचा शब्द कुणाचा हे आधी ठरलेलं नसतं, तिथे प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. आपल्याकडे म्हणच आहे, बारभाईंची खेती आणि काय येईल हाती!

यावर कुणी म्हणेल, त्या लोकांना दोष देणं आज सोपं आहे. खरं आहे. त्या उन्हात, त्या धुरात, ती जबाबदारी खांद्यावर असताना आपण काय केलं असतं, हे सांगणं कठीण आहे. यांतले बरेच जण शेवटच्या क्षणापर्यंत जागचे हलले नाहीत, आणि काहींनी तिथेच प्राण दिले. धैर्य कमी पडलं नाही. कमी पडला तो ठरलेला क्रम. म्हणून दोषापेक्षा धडा घेणं महत्त्वाचं. धोक्याचा नियम सोयीसाठी ढिला करू नये. आणि करायचाच झाला, तर त्याच्या बदली दुसरी कोणती खबरदारी घेतली, हे आधी विचारावं.

हा धडा पुरता गिरवला जातो न जातो, तोच तीन वर्षांनी दुसरा घाला पडला. १७ जुलै १९४७. देश स्वतंत्र व्हायला महिनाही राहिला नव्हता. आषाढाची अखेर होती, सणासाठी घरी निघालेली मंडळी भाऊच्या धक्क्यावर जमली आणि 'रामदास' बोट रेवसला निघाली. पावसाळ्याचा खवळलेला दर्या. काशाच्या खडकाजवळ लाटांच्या माऱ्याने बोट कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशाचं यंत्र नव्हतं. मुंबईपासून इतक्या जवळ एवढा अनर्थ झाला, पण बातमी शहरात पोचायला संध्याकाळ झाली. कोकणातल्या किती तरी घरांत त्या दिवसाचं नाव आजही दबक्या आवाजात घेतात. अशा वेळी कळतं की, धक्क्यावरचा अधिकारी वादळाचा बावटा चढवतो, बोटीत माणसं मोजून घेतो, 'आज बोट सुटणार नाही' म्हणून सांगतो, तेव्हा तो आपली वाट अडवीत नसतो. आपण मात्र त्याच्यावर चिडतो. 'साहेब, आमचं लग्नकार्य आहे, सोडा की!' म्हणून गळ घालतो. आणि त्याने सोडलं, तर 'माणूस चांगला आहे' असं प्रशस्तिपत्रही देतो!

काळ पुढे गेला. मुंबई पोर्ट ट्रस्ट आता मुंबई बंदर प्राधिकरण झालं आहे; मोठ्या बंदरांसाठी १९६३ साली झालेल्या कायद्याची जागा २०२१ च्या कायद्याने घेतली. कोकणातल्या लहान बंदरांचा कारभार १९९६ सालापासून महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. आणि ज्या १९०८ च्या कायद्याची आपण एवढी चर्चा केली, तोही एकशे सतरा वर्षं राबून निवृत्त झाला. २०२५ साली संसदेने बंदरांसाठी नवा कायदा संमत केला. जुन्या काळी तेलगळती, समुद्राचं प्रदूषण या गोष्टी कायदा करणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हत्या. आता त्यांचा विचार करावाच लागतो.

तो का करावा लागतो, तेही पाहा. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशीच 'चित्रा' आणि 'खलिजिया' या दोन जहाजांची टक्कर झाली. 'चित्रा' कलंडली. तिच्यावरचे मोठमोठे लोखंडी डबे समुद्रात घसरले आणि तिच्या पोटातलं तेल पाण्यावर पसरलं. तरंगणारे डबे आदळून दुसरी जहाजं फुटू नयेत म्हणून बंदराची वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. तेलाचा तवंग किनाऱ्याला लागला, तिवरांची झाडं माखली आणि कोळी बांधवांच्या मासळीला गिऱ्हाईक मिळेना. टक्कर दोन परक्या जहाजांची. भुर्दंड मात्र किनाऱ्यावरच्या गरिबाला. बंदराच्या अधिकाऱ्याचा हुकूम केवळ जहाजवाल्यासाठी नसतो. ज्याने आयुष्यात कधी आगबोटीत पाय ठेवला नाही, त्याचीही भाकर त्या हुकमावर अवलंबून असते.

आणि आपण, समुद्रापासून शंभर-दोनशे मैलांवर राहणारे? आपल्या शेतातला कापूस, आपला कांदा, आपली साखर बंदरातून बाहेर जाते. आपल्या शेताला लागणारं खत आणि पंपाला लागणारं तेल बंदरातून आत येतं. १९४४ साली जे धान्य गोदीत जळालं, ते कुणाच्या तरी ताटात पडायचं होतं. दार मुंबईला असलं, तरी घर सगळ्यांचं आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती करावीशी वाटते. मुलांना हा इतिहास सांगाल, तेव्हा स्फोटाचं वर्णन थोडं कमी केलंत तरी चालेल. पण ते दोन तास मात्र नीट सांगा. मग वर्गाला एक प्रश्न विचारा: "आपल्या शाळेत आता आग लागली, तर हुकूम कुणाचा?" हेडमास्तर गावाला गेले असतील, तर कुणाचा? पाण्याची बादली कुठे आहे? मुलांना बाहेर कुठल्या दाराने न्यायचं? उत्तर चटकन आलं, तर उत्तम. मुलं एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली, तर त्याच दिवशी सर्वांनी बसून ते ठरवून टाका आणि भिंतीवर लिहून ठेवा. हेच गावच्या जत्रेला लागू, हेच नदीवरच्या तरीला लागू, हेच ग्रामपंचायतीला लागू.

मोठी गोदी असो वा लहान शाळा, संकट आल्यावर हुकूम कुणाचा हे शोधत बसायला वेळ नसतो. ते संकट नसताना ठरवायचं असतं. व्हिक्टोरिया गोदीतल्या त्या सहासष्ट जवानांचं ऋण फेडायचं झालं, तर ते असंच फेडता येईल.